रुग्णालयातील गॅसवरची सहवीजनिर्मिती: हिशेब उष्णतेपासून मांडावा

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या अभियांत्रिकी विभागात काम करताना नैसर्गिक वायूवर चालणारी, एकाच इंधनातून वीज आणि उपयोगी उष्णता दोन्ही देणारी सहवीजनिर्मिती यंत्रणा गेली काही वर्षे मी रोज हाताळतो आहे. नवी इमारत उभारणारे विश्वस्त, त्यांचे सल्लागार आणि इतर रुग्णालयांतील सहकारी या यंत्रणेबद्दल वारंवार विचारणा करतात, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकांत क्वचितच सापडतात. म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही. येथे सांगितलेले बहुतेक गुणदोष या प्रकारच्या यंत्रणेचेच आहेत, आणि जे त्या एका कंपनीपुरते आहेत ते नीट लिहिलेल्या करारातून टाळता येतात.

आमच्याकडील यंत्रणेत ६०० किलोवॉट वर्गातले गॅस इंजिन व जनित्र, एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर, बसवलेला वाफेचा बॉयलर, जॅकेटच्या (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती फिरणाऱ्या) पाण्यातून उष्णता काढून घेणारा प्लेट हीट एक्स्चेंजर आणि त्याच गरम पाण्यावर चालणारे व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे उष्णतेवर थंड पाणी तयार करणारे, रोजच्या बोलण्यातले 'व्हॅम', इतके भाग आहेत. गॅस शहराच्या वाहिनीतून येतो. इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्क्यांची वीज होते आणि आणखी साधारण ४२ टक्के उष्णतेच्या रूपाने परत मिळवता येते. बाकीची धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगावरून निघून जाते. परत मिळणाऱ्या या उष्णतेचे दोन जवळजवळ सारखे वाटे असतात आणि त्यांची योग्यता वेगवेगळी असते. एक्झॉस्टचा वायू ४०० अंशांच्या पुढचा असल्याने त्यापासून ८ बार दाबाची वाफ करता येते. आमच्या इंजिनावर ती पूर्ण भाराला ताशी साडेचारशे किलोच्या आसपास मिळते. जॅकेटचे पाणी मात्र ९० अंशांच्या आसपास असते आणि त्याचा उपयोग गरम पाण्यापुरता किंवा एकपदरी (उष्णता एकदाच वापरणाऱ्या) व्हॅमपुरता मर्यादित राहतो.

सहवीजनिर्मिती महाराष्ट्राला नवी नाही. आपले साखर कारखाने बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून वाफ करतात, ती टर्बाइनमधून नेऊन वीज काढतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर उसाचा रस आटवतात. तेथे वाफेची गरज पक्की असते आणि वीज तिच्या ओघाने येते. रुग्णालयाला मात्र हीच कल्पना उलट्या क्रमाने विकली जाते. वीजबिल इतके लाख कमी होईल हे पहिल्या पानावर असते आणि उष्णता ही वरकड मिळकत म्हणून शेवटी येते. या क्रमाने केलेली खरेदी तोट्यात जाण्याचीच शक्यता जास्त असते, आणि त्यासाठी फार मोठे गणितही मांडावे लागत नाही.

एक घनमीटर वायूत सुमारे साडेनऊ युनिट ऊर्जा असते. त्यातून ३.८ युनिट वीज आणि ४ युनिट उष्णता हाती लागते. वायूचा दर समजण्यापुरता ६० रुपये धरू. उष्णता वाया गेली, तर एका युनिटामागे केवळ इंधनाचाच खर्च १५ रुपये ८० पैशांच्या घरात जातो आणि इतकी महाग वीज रुग्णालयाने स्वतः करण्यात काहीच अर्थ नाही. तीच ४ युनिट उष्णता जर वाफ आणि गरम पाण्यासाठी वापरली गेली, तर ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये त्यासाठी जळणारा जवळजवळ अर्धा घनमीटर वायू वाचतो, म्हणजे ३० रुपये परत येतात आणि विजेचा इंधनखर्च युनिटला ८ रुपयांच्या आत येतो. आता तीच सगळी उष्णता व्हॅमला दिली आणि एक्झॉस्ट व जॅकेट मिळून सरासरी सीओपी, म्हणजे दिलेल्या ऊर्जेच्या किती पट थंडावा मिळतो ते प्रमाण, १ धरला, तर साधारण १.१ टन-तास थंडावा मिळतो (एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट थंडावा). तेवढ्याच थंडाव्याला चांगला विजेवरचा चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) पाऊण ते ०.८ युनिट वीज घेतो. म्हणजे व्हॅममुळे वाचते ती एवढीच वीज, आणि इंधनखर्च युनिटला १३ रुपयांच्या आसपासच अडकून राहतो. यावर देखभालीचा रुपया-दीड रुपया वेगळा धरावा लागतो. दर बदलले की आकडे बदलतील, पण वाफेत वापरलेल्या उष्णतेची किंमत थंडाव्यात वापरलेल्या उष्णतेच्या तिपटीहून अधिक असते, हे नाते फारसे हलत नाही.

आपल्या हवामानात गरम पाण्यापेक्षा वातानुकूलनाची गरज मोठी, म्हणून आपल्याला ट्रायजनरेशनच, म्हणजे वीज, उष्णता आणि थंडावा एकत्र देणारी यंत्रणाच योग्य, असे विधान प्रत्येक सादरीकरणात ऐकू येते. गरज मोठी आहे हे खरे आहे. परंतु ती गरज भागवण्याचा दुसरा मार्ग, म्हणजे चांगला विजेवरचा चिलर, आता इतका किफायतशीर झाला आहे की टाकाऊ उष्णतेवरचा थंडावा त्याच्यापुढे फार कमी पैसे वाचवतो. म्हणून उष्णता आधी वाफेला, मग गरम पाण्याला आणि त्यातूनही उरली तरच व्हॅमला, असा क्रम आम्ही ठरवला आहे, आणि नव्या रुग्णालयांनी यंत्रणेचा आकारही याच क्रमाने ठरवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

वाफेच्या बाबतीत ही यंत्रणा उत्तम ठरली आहे. सीएसएसडीतील (उपकरणांच्या मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागातील) ऑटोक्लेव्हना १३४ अंशांच्या निर्जंतुकीकरणासाठी वाफ लागते, स्वयंपाकघरातील मोठी पातेली वाफेवर चालतात आणि लाँड्रीतील चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरला तर ८ बारच्या आसपासचा दाबच हवा असतो. एक्झॉस्ट बॉयलर हे सारे पेलतो, पण त्याची वाफ इंजिनाच्या भाराशी बांधलेली असते ही गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते. सुरुवातीच्या काळात लाँड्रीचे मुकादम रोज येऊन सांगत, "साहेब, दुपारी वाफ पडते, चादरी ओलसर निघतात." कारण असे होते की दुपारी छतावरील सौर पॅनेल भरात असत, त्यामुळे इंजिनाच्या वाट्याची वीज कमी होई, नियंत्रक इंजिनाचा भार उतरवी आणि नेमक्या त्याच वेळी सीएसएसडीत सकाळच्या शस्त्रक्रियांची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये जात. शिवाय दुपारी महावितरणची वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असल्याने इंजिनाने दुपारी कमी आणि संध्याकाळपासून जास्त चालावे, हेच पैशांच्या दृष्टीने सोयीचे होते. गरम पाणी टाकीत साठवता येते, वाफ फारशी साठवता येत नाही. शेवटी लाँड्रीची दुसरी पाळी संध्याकाळी घेण्यात आली, मुकादमांनी माणसांच्या वेळा मोठ्या समजुतीने बदलून दिल्या आणि दुपारच्या वाफेसाठी जुना गॅस बॉयलर मंद आचेवर तयार ठेवण्यात आला. विक्रेत्याच्या अहवालात वर्षाच्या एकूण वाफेचा आकडा होता. ती तासागणिक कशी लागते याचा तक्ता नव्हता. असा तासागणिक तक्ता, निदान एका उन्हाळ्याचा आणि एका पावसाळ्याचा, स्वतः मोजून घेतल्याशिवाय कोणी निविदा काढू नये.

गरम पाण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. जॅकेटची उष्णता वॉर्डांच्या स्नानाच्या पाण्याला आणि लाँड्रीला देणे हा तिचा सर्वांत साधा व निर्धोक उपयोग आहे. लाँड्रीत कपडे ७१ अंशांवर ३ मिनिटे किंवा ६५ अंशांवर १० मिनिटे राहिले तर उष्णतेने निर्जंतुक होतात, आणि ९० अंशांचे जॅकेट पाणी त्यासाठी पुरेसे आहे. एक दक्षता मात्र अत्यावश्यक आहे. उष्णता कमी पडली म्हणून साठवणीच्या टाकीचे तापमान ४०-४५ अंशांवर रेंगाळू देऊ नये, कारण लिजिओनेला जिवाणू त्याच तापमानात वाढतो. टाकी ६० अंशांवर आणि परतीचे पाणी ५० अंशांच्या वर राहील असा पर्यायी तापक आणि अलार्म असलाच पाहिजे. आमच्या मूळ आराखड्यात तो नव्हता; संसर्ग नियंत्रण समितीतील डॉक्टरांनी आग्रह धरल्यामुळे तो नंतर बसवण्यात आला आणि मी त्यांचा मनापासून आभारी आहे.

व्हॅमविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण पुण्यातील वाचकाला त्याबद्दल थोडा अभिमानही असतो. लिथियम ब्रोमाइडवर चालणारी अशी यंत्रे बनवणारी थरमॅक्स कंपनी आपल्याच शहरातली आहे, आणि गॅस जनित्रे बनवणाऱ्या कमिन्स इंडियाची सुरुवातही १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स या नावाने येथेच झाली. त्यामुळे जाणकार माणसे आणि सुटे भाग येथे इतर शहरांच्या मानाने लवकर मिळतात, ही खरी सोय आहे. यंत्रात फिरणारे भाग फार थोडे असतात, आवाज नगण्य असतो आणि चांगले जपले तर ते वर्षानुवर्षे चालते. परंतु ते जपणे म्हणजे त्यातील निर्वात स्थिती जपणे होय. एखाद्या व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून किंचित हवा आत शिरली तरी थंड पाण्याचे तापमान ७ अंशांवरून ९-१० अंशांवर चढते, शस्त्रक्रियागृहातील दमटपणा वाढतो आणि सर्वांत आधी भूलतज्ज्ञांचा फोन येतो. दुसरा धोका अचानक वीज जाण्याचा आहे. अशा वेळी द्रावण पातळ होण्याचे चक्र पूर्ण न होता यंत्र बंद पडले तर लिथियम ब्रोमाइडचे स्फटिक होतात, आणि ते विरघळवून यंत्र पुन्हा चालू करण्यात बराच वेळ जातो. म्हणून व्हॅमचे पंप आपत्कालीन वीजपुरवठ्यावर असणे आवश्यक आहे.

याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो कोणत्याही सादरीकरणात मला दिसला नाही. विजेवरचा चिलर एका टनामागे सुमारे ४.२ किलोवॉट उष्णता कूलिंग टॉवरकडे, म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन करून उष्णता हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याकडे, पाठवतो. जॅकेटच्या पाण्यावर चालणाऱ्या, ०.७ सीओपीच्या व्हॅमला त्याच एका टनासाठी साडेआठ किलोवॉट, म्हणजे दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती टाकायची म्हणजे पाण्याची वाफ करायची. आमचे व्हॅम ६० टनांचे आहे; ते दिवसरात्र चालले तर दिवसाला १० हजार लिटरच्या एका टँकरइतके जादा पाणी लागते. मार्च ते जून या काळात टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या, आणि त्यातही बोअरच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या रुग्णालयाने हा खर्च हिशेबात धरला तर व्हॅमची उरलीसुरली बचतही बरीच आटते. जड पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात, ते रसायनाने धुवावे लागतात आणि तेवढा वेळ यंत्र बंद राहते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील पाणी आणखी एकदा गाळून, मऊ करून टॉवरला देण्याची सोय झाल्यावर आमच्याकडील स्थिती पुष्कळ सुधारली. अशी सोय नसेल तेथे व्हॅम घेऊ नये, इतके ठामपणे मी सांगेन. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, पण तेव्हा हवेतील दमटपणामुळे टॉवरचे पाणी पुरेसे थंड होत नाही आणि व्हॅमची क्षमता उतरते, हेही लक्षात ठेवावे.

विजेच्या भरवशाबद्दल या यंत्रणेची जी कीर्ती आहे ती साधार आहे. जून २००१ मध्ये अ‍ॅलिसन वादळाच्या पावसाने ह्यूस्टन येथील टेक्सास मेडिकल सेंटरच्या तळघरांत पाणी शिरले, तेथील विद्युत सामग्री बुडाली आणि रुग्ण हलवावे लागले. त्या परिसराला वाफ आणि थंड पाणी पुरवणाऱ्या थर्मल एनर्जी कॉर्पोरेशनने २०१० मध्ये ४८ मेगावॉटची सहवीजनिर्मिती सुरू केली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली असताना तेथील रुग्णालयांचा पुरवठा अखंड राहिला. २००५ मध्ये कतरिना वादळात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराची वीज गेली, तेव्हा तेथील बॅप्टिस्ट मेडिकल सेंटर आपल्या गॅस टर्बाइनवर दोन दिवसांहून अधिक काळ ग्रीडपासून स्वतंत्र चालले. २००५ चा मुंबईचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या उदाहरणांचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. इंजिन, विद्युत पॅनेल आणि गॅसचे रेग्युलेटर तळघरात न ठेवता पूररेषेच्या वर ठेवणे, हा त्यातून घ्यायचा पहिला धडा आहे.

तरीही ही यंत्रणा डिझेल जनित्राची जागा घेऊ शकत नाही, आणि कोणी तसे सुचवल्यास त्या सल्लागारावर विसंबू नये. अमेरिकेतील नियमांनुसार जीवरक्षक उपकरणांचा पुरवठा खंडित झाल्यावर १० सेकंदांत पूर्ववत व्हावा लागतो. बंद असलेले गॅस इंजिन इतक्या झटपट भार घेत नाही, आणि चालू असलेल्या इंजिनावर एकदम मोठा भार पडला तर त्याची फ्रिक्वेन्सी कोसळून ते ट्रिप होते. महावितरणचा पुरवठा जाताच लिफ्ट, चिलर आणि धुलाईयंत्रे तत्काळ गळून पडतील आणि आयसीयू, ओटी व रक्तपेढी तेवढी राहील, अशी भारकपातीची व्यवस्था आमच्या पॅनेलमध्ये आहे; ती दर तिमाहीत प्रत्यक्ष वीज तोडून तपासली जाते. ग्रीडविना शून्यातून सुरू होण्याची क्षमता आणि स्वतंत्र चालण्याची नियंत्रणे या गोष्टी मूळ किमतीत धरलेल्या नसतात, त्या वेगळ्या मागाव्या लागतात. त्या न घेता घेतलेले इंजिन ग्रीड गेल्याबरोबर स्वतःही बंद पडते, आणि मग ज्या भरवशासाठी एवढा खर्च केला तोच हाती राहत नाही.

सेवेच्या बाबतीत माझी तक्रार आहे. इंजिन चांगले आहे, पण वार्षिक करारातील 'तातडीची सेवा' या शब्दांना वेळेची मर्यादा जोडलेली नव्हती. एका उन्हाळ्यात इग्निशन कॉइल गेल्यावर सुटा भाग परदेशातून येईपर्यंत इंजिन उभे राहिले, आणि त्या काळात रुग्णालयाला ग्रीडची वीज, बॉयलरचा गॅस आणि वाढलेल्या कमाल मागणीचा आकार असा तिहेरी भुर्दंड बसला. स्पार्क प्लग काही हजार तासांनी बदलावेच लागतात आणि तेल तर दर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत तपासावे लागते. कॉइल, प्लग असे सारे सुटे भाग रुग्णालयाच्या भांडारात असावेत आणि त्यांची यादी कराराला जोडलेली असावी. पुढे ३० हजार तासांच्या आसपास सिलिंडर हेडांचे आणि ६० हजार तासांच्या आसपास संपूर्ण इंजिनाचे मोठे काम निघते. सतत चालणाऱ्या इंजिनाला हा टप्पा सात-आठ वर्षांतच येतो, आणि त्याचा खर्च परतफेडीच्या तक्त्यात कोठेही नसतो. आमच्या सेवा-अभियंत्याबद्दल मात्र आदरच आहे. रात्री-अपरात्री आलेला तो तरुण मुलगा नेहमी आधी तेलाची बाटली उजेडात धरून पाहतो, मगच संगणक उघडतो.

आवाज आणि प्रदूषण यांबाबत परिस्थिती समाधानकारक आहे. ध्वनिरोधक आवरणामुळे आवाज मर्यादेत राहतो. मंद घुमारा मात्र लगतच्या इमारतीत जाणवतो, म्हणून एमआरआय विभाग आणि वॉर्ड यांपासून अंतर ठेवावे. डिझेलची काजळी नाही, आणि ज्या शहरांत डिझेल जनित्रांवर निर्बंध येत आहेत तेथे याचे महत्त्व वाढते. न जळलेला थोडा मिथेन धुराड्यातून जातो आणि हवामानाच्या दृष्टीने तो निरुपद्रवी नाही, हेही नोंदवले पाहिजे. दिल्लीत एम्सच्या जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटरमध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आणि जर्मनीची विकास-सहकार्य संस्था जीआयझेड यांच्या सहकार्यातून ट्रायजनरेशनचा पथदर्शी प्रकल्प झाला आहे. सरकारी रुग्णालयांनी असा निर्णय घेण्यापूर्वी तेथील अनुभव आवर्जून विचारावा.

माझे मत असे आहे. स्वतःची लाँड्री, मोठी सीएसएसडी, स्वयंपाकघर आणि चारशेच्या पुढे खाटा असलेल्या, वाहिनीचा गॅस उपलब्ध असलेल्या रुग्णालयाने ही यंत्रणा जरूर विचारात घ्यावी, पण इंजिनाचा आकार वीजबिलावरून न ठरवता पावसाळ्यातल्या रात्रीही खपेल इतक्या उष्णतेवरून ठरवावा. तो बहुधा विक्रेत्याने सुचवलेल्या आकाराच्या निम्मा निघेल. लाँड्री बाहेर देणाऱ्या आणि ऑटोक्लेव्ह विजेवर चालवणाऱ्या लहान रुग्णालयाने तेच पैसे चांगला चिलर, सौर पॅनेल आणि उष्णता पंपावर खर्च करावेत.

आमच्या करारनाम्याचे नूतनीकरण सध्या चालू आहे. इंजिन वर्षाला किती तास उपलब्ध राहील याची हमी पुरवठादाराने आनंदाने दिली. वाफेच्या आणि गरम पाण्याच्या वाहिन्यांवर सीलबंद उष्णतामापक बसवून देयकाचा काही भाग प्रत्यक्ष वापरलेल्या उष्णतेशी जोडावा, नको असलेली उष्णता हवेत सोडणाऱ्या डंप रेडिएटरवरही मापक असावा आणि तेथून वाया गेलेल्या उष्णतेचा हिशेब दर महिन्याला मिळावा, ही आमची मागणी अद्याप मान्य झालेली नाही. ती मान्य होईपर्यंत स्वाक्षरी करू नये, असे मी विश्वस्तांना लेखी कळवले आहे.